बेटकुळी आवळते कशी आणि सुटते कशी?

वाचकहो, मागील लेखात आपण हाडांची ओळख करून घेतली. हाडे म्हणजे शरीराच्या घराचे वासे, असे आपण म्हटले होते. परंतु वासे आपण होऊन हलत नाहीत. डोक्यावर हंडा घेऊन चालणारी आई, पाठीवरून पोती वाहणारा हमाल, यंत्रापुढे उभा असलेला कामगार, पाटीवर अक्षर गिरवणारे मूल, या सर्वांची हाडे कोणीतरी ओढत असते म्हणून हालचाल होते. हे ओढण्याचे काम करतात ते स्नायू. हाडांना जोडलेले असे सहाशेहून अधिक स्नायू आपल्या शरीरात आहेत. प्रौढ माणसाच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा, कधी त्याहून अधिक, त्यांचाच असतो. ज्यांचे पोट अंगमेहनतीवर चालते त्यांची खरी पुंजी हीच. मग या पुंजीचा कारभार आत कसा चालतो, हे आपणास ठाऊक असावयास नको काय?

प्रथम एक प्रयोग करा. डाव्या हाताचा पंजा उजव्या दंडावर ठेवा आणि उजवा हात कोपरात दुमडा. दंडातली बेटकुळी फुगून कडक झालेली हाताला लागेल. आता हात सरळ करा. बेटकुळी सैल पडेल आणि दंडाची मागची बाजू घट्ट होईल. यावरून एक गोष्ट ध्यानात घ्या. स्नायूला फक्त ओढता येते, ढकलता येत नाही. हात दुमडायला पुढचा स्नायू आणि सरळ करायला मागचा स्नायू, अशी ही जोडी असते. एकाने ओढताना दुसऱ्याने सोडावे लागते. दोघांनीही धरून ठेवले तर हात जागचा हलणार नाही. आवळणे आणि सोडणे, दोन्ही मिळून काम होते. आजच्या लेखाचे सार एवढेच आहे. फक्त ते स्नायूच्या आत, अगदी पेशीपर्यंत जाऊन पाहावयाचे आहे.

दोरीच्या आत दोरी

मटण धुताना त्यातले लांब लांब धागे सर्वांनी पाहिले असतील. मटण म्हणजे बकऱ्याचा स्नायूच. आपला स्नायूही तसाच धाग्यांच्या जुड्यांनी बनलेला असतो. त्यातला अगदी बारीक एक धागा म्हणजे एक पेशी. शरीरातल्या बहुतेक पेशी डोळ्यांना दिसत नाहीत इतक्या लहान असतात. स्नायूची पेशी मात्र केसासारखी किंवा त्याहून बारीक असली तरी लांबीला काही सेंटिमीटर भरू शकते. तिला स्नायुतंतू म्हणतात.

या तंतूच्या आत आणखी बारीक दोऱ्या उभ्या रचलेल्या असतात. त्यांतली एक दोरी सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर तिच्यावर एक काळा पट्टा, एक पांढरा पट्टा, पुन्हा काळा, पुन्हा पांढरा, अशी नक्षी दिसते. ही नक्षी ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येते. तिच्या एका घराला सार्कोमिअर असे नाव आहे. आपण त्याला सोईसाठी खोली म्हणू. एक खोली सुमारे अडीच मायक्रॉन लांब असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हिशेब केला तर एक सेंटिमीटर लांबीत अशा सुमारे चार हजार खोल्या, चाळीतल्या खोल्यांप्रमाणे एकीला लागून एक, ओळीने बसलेल्या असतात.

स्नायू आखडतो म्हणजे या खोल्या आखडतात. प्रत्येक खोली अर्धा मायक्रॉन आखडली तर चार हजार खोल्या मिळून सेंटिमीटरमागे दोन मिलिमीटर होतात. दहा सेंटिमीटरचा तंतू असला तर दोन सेंटिमीटर. बेटकुळीचा खालचा टोकाचा चिवट दोर कोपराच्या अगदी जवळ हाडाला बांधलेला आहे. त्यामुळे एवढ्याशा ओढीनेही पंजा कितीतरी वर उचलला जातो. एकटी खोली काहीच नाही. पण सर्वांनी एकदम जोर लावला की पन्नास किलोचे पोते जमिनीवरून उठते.

काडेपेटीचे कोडे

खोली आखडते म्हणजे नेमके काय होते? पूर्वी पुष्कळ शास्त्रज्ञांना वाटे की आतले धागे चुरगळतात, गुंडाळले जातात किंवा स्प्रिंगसारखे आकसतात. तसे समजणे चुकीचे वाटण्याजोगेही नव्हते. परंतु विज्ञानात वाटणे पुरत नाही, पाहावे लागते.

१९५४ च्या मे महिन्यात ‘नेचर’ या इंग्रजी विज्ञानपत्रिकेच्या एकाच अंकात दोन निबंध लागोपाठ छापून आले. एक होता अँड्र्यू हक्सले आणि रॉल्फ नीडरगर्के यांचा. दुसरा होता ह्यू हक्सले आणि जीन हॅन्सन यांचा. दोन्ही हक्सले एकमेकांचे नातेवाईक नव्हते. पहिल्या जोडीने केंब्रिज येथे बेडकाच्या जिवंत स्नायुतंतूवर काम केले. दुसऱ्या जोडीने अमेरिकेत सशाच्या स्नायूतल्या बारीक दोऱ्यांवर काम केले. जीन हॅन्सन या प्राणिशास्त्र शिकलेल्या बाई होत्या आणि सूक्ष्मदर्शक हाताळण्यात तरबेज होत्या. पुढे लंडनच्या किंग्ज कॉलेजातील स्नायुसंशोधन विभागाच्या त्या प्रमुखही झाल्या.

या चौघांना काय दिसले? स्नायू आखडताना पांढरा पट्टा अरुंद होत जातो, पण काळा पट्टा जेवढा होता तेवढाच राहतो. हे एवढेसे निरीक्षण, पण त्याने जुनी कल्पना मोडीत निघाली. आतले धागे आकसत असते तर काळा पट्टाही आकसला असता. मग खोली लहान कशी झाली?

उत्तरासाठी घरातली काडेपेटी घ्या. आतला खण अर्धा बाहेर ओढा. आता पेटीची एकूण लांबी वाढली. खण आत सरकवा, लांबी कमी झाली. खण आखडला काय? नाही. वरचे खोके आखडले काय? तेही नाही. एक दुसऱ्यात सरकले, एवढेच. स्नायूचेही असेच आहे. प्रत्येक खोलीत दोन प्रकारचे धागे असतात, एक जाड आणि एक बारीक. जाड धागे खोलीच्या मध्यभागी असतात, तोच काळा पट्टा. बारीक धागे दोन्ही बाजूंच्या भिंतींना बांधलेले असतात. स्नायू आखडतो तेव्हा बारीक धागे जाड धाग्यांच्या मधून आत सरकतात आणि भिंती जवळ ओढल्या जातात. धागा कोणताच लहान होत नाही.

विहिरीचा पोहरा

आता प्रश्न असा की सरकवतो कोण? काडेपेटीचा खण आपण बोटाने ढकलतो. स्नायूत बोट कोणाचे?

जाड धागा मायोसिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला आहे. एका जाड धाग्यात मायोसिनचे सुमारे तीनशे रेणू असतात. प्रत्येक रेणूची डोकी धाग्याच्या बाहेर आलेली असतात. त्यांना आपण हात म्हणू. बारीक धागा ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचा असतो. हे ॲक्टिन १९४२ साली हंगेरी देशातील सेगेड या गावी, महायुद्ध चालू असताना, आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांच्या प्रयोगशाळेत ब्रुनो श्ट्राउब यांनी वेगळे केले. या दोन प्रथिनांचा धागा तयार करून त्यावर स्नायूच्या पेशीतला रस टाकला तर तो धागा शरीराबाहेर, काचेच्या भांड्यातही आखडतो, असे तेथे दिसून आले. म्हणजे आखडण्याचा गुण या प्रथिनांतच आहे. त्यासाठी आणखी कोणती अदृश्य शक्ती मानण्याचे कारण उरले नाही.

हे हात काम कसे करतात? रहाट नसलेल्या विहिरीतून पोहरा ओढणारी बाई आठवा. एका हाताने दोर धरते, ओढते, सोडते, पुन्हा पुढे हात नेऊन धरते, पुन्हा ओढते. मायोसिनचा हात अगदी हेच करतो. ॲक्टिनचा धागा धरायचा, वाकून ओढायचा, सोडायचा, पुढची जागा धरायची. एका ओढीत धागा सरकतो तो जास्तीत जास्त मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाइतका. पण असे असंख्य हात आळीपाळीने ओढत असतात. काही सोडतात तेव्हा दुसऱ्यांनी धरलेले असते, म्हणून दोर मागे निसटत नाही. पोहरा ओढणारे दोनच हात असले तरी हाच नियम असतो. जो हात सोडत नाही त्याला पुढचे धरता येत नाही.

सोडायलाही मोल पडते

येथे विज्ञानाने एक आश्चर्याची गोष्ट दाखवून दिली. आपणास वाटेल की ओढायला शक्ती लागते आणि सोडायला काय लागते? हात सैल केला की झाले. पण मायोसिनचा हात तसा सुटत नाही. तो सोडवण्यासाठी एटीपी नावाच्या रेणूने त्याला येऊन चिकटावे लागते. एटीपी आला म्हणजे हाताची पकड सुटते. मग तोच एटीपी मोडून निघालेली ऊर्जा घेऊन हात पुढच्या ओढीसाठी ताणून सज्ज होतो. म्हणजे प्रत्येक ओढीला एक एटीपी खर्ची पडतो आणि तो नसेल तर पकड सुटतच नाही.

एटीपी म्हणजे शरीरातले चलनी नाणे समजा. आपण भाकरी खातो, डाळ खातो, पण दुकानात ज्वारीचे पोते नेऊन बसचे तिकीट मिळत नाही, त्याचा आधी पैसा करावा लागतो. तसे अन्नाचे एटीपीत रूपांतर करावे लागते. या नाण्याचा साठा शरीर फार ठेवत नाही. जोरात धावू लागलो तर स्नायूतला शिल्लक एटीपी दोन-चार सेकंदांत संपेल एवढाच असतो. तो सतत नवा तयार होत राहतो, म्हणून काम चालते. हातावर पोट असलेल्या माणसासारखा हा व्यवहार आहे. रोज कमवायचे, रोज खर्चायचे. हे नाणे पाडण्यासाठी मुख्यतः अन्न आणि श्वासातला प्राणवायू, दोन्ही लागतात.

याचा पुरावा ज्या प्रसंगी दिसतो तो दुःखाचा आहे. माणूस मरण पावल्यावर काही तासांत देह ताठ होतो. दुमडलेला हात सरळ करता येत नाही, जबडा घट्ट बसतो. याचा संबंध मृतात्म्याच्या अपुऱ्या इच्छेशी किंवा कोणाच्या करणीशी जोडण्याचे कारण नाही. श्वास थांबला, एटीपी तयार होणे थांबले आणि मायोसिनच्या हातांनी शेवटचे जे धरले ते सुटायचे राहून गेले. दीड-दोन दिवसांत ही प्रथिनेच मोडू लागतात आणि देह पुन्हा सैल पडतो. उन्हाळ्यात हे सर्व लवकर होते. म्हणजे ताठ होणे हे शक्तीचे लक्षण नसून शक्ती संपल्याचे लक्षण आहे. जिवंत स्नायू तो, ज्याला सोडता येते.

निरोप आणि कडी

हात सज्ज असले तरी ते वेळी-अवेळी ओढू लागले तर अनर्थ होईल. म्हणून ॲक्टिनच्या धाग्यावर आणखी दोन प्रथिनांचे झाकण असते. ते झाकण बसलेले असेपर्यंत मायोसिनला धरायला जागा मिळत नाही. हे झाकण बाजूला करणारी किल्ली म्हणजे कॅल्शियम.

कॅल्शियमचे हे महत्त्व प्रथम लक्षात आले ते नळाच्या पाण्यामुळे. १८८० नंतरच्या काळात लंडनमध्ये सिडनी रिंगर नावाचे डॉक्टर बेडकाचे हृदय मिठाच्या पाण्यात ठेवून ते किती वेळ धडधडते हे पाहत होते. हृदय छान चालले. नंतर कळले की ते पाणी शुद्ध नव्हते, नळाचे होते. शुद्ध पाणी वापरून पाहिले तर हृदय लवकरच थांबले. नळाच्या पाण्यात असे काय होते? त्यात कॅल्शियम होते. १८८३ साली रिंगर यांनी हे प्रसिद्ध केले.

आता सर्व साखळी जोडून पाहू. हात उचलावा असे मनात आले की मेंदूकडून निरोप निघतो. तो पाठीच्या कण्यातून चेतातंतूवाटे स्नायूपर्यंत येतो. चेतातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन नावाचे रसायन सुटते आणि स्नायूच्या पेशीला जागे करते. पेशीच्या आत पिशव्यांमध्ये साठवलेले कॅल्शियम बाहेर पडते, झाकण सरकते, मायोसिनचे हात धागा धरतात आणि ओढू लागतात. हे सर्व डोळ्याचे पाते लवण्याच्या आत घडते.

सोडण्याची वेळ आली की तीन कामे व्हावी लागतात. एक, चेतातंतूने सोडलेले रसायन पुसून टाकावे लागते, म्हणजे निरोप संपला हे पेशीला कळते. दोन, बाहेर सांडलेले कॅल्शियम परत पिशव्यांत भरावे लागते. या उपशालाही एटीपीच लागतो. तीन, धरलेले हात एटीपीने सोडवावे लागतात. या तिन्हींतले एक जरी अडले तरी स्नायू आपल्या ताब्यात राहत नाही.

निरोप थांबला नाही तर

हे केवळ पुस्तकी नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि शेतमजुरांना विषबाधा झाली आणि किमान वीस जण दगावले. त्या वेळी फवारल्या जाणाऱ्या औषधांत मोनोक्रोटोफॉस हेही होते. ते ऑर्गॅनोफॉस्फेट गटातले कीटकनाशक आहे. हा गट नेमके वरचे पहिले काम बंद पाडतो. ॲसिटिलकोलीन पुसणारे जे द्रव्य शरीरात असते, त्यालाच तो निकामी करतो. मग निरोप थांबतच नाही. तोंडाला लाळ सुटते, डोळ्यांतून पाणी वाहते, घाम येतो, उलट्या होतात, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, अंगातले स्नायू जागोजाग फडफडू लागतात. शेवटी स्नायू थकून निकामी होतात. श्वासाचे स्नायूही त्यांतच आले.

म्हणून फवारणीला जाणाऱ्या आपल्या माणसांनी अंगभर कपडे, हातमोजे आणि तोंडाला आवरण यांवाचून पंप पाठीवर घेऊ नये. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला तोंड करून फवारू नये. मध्येच हात न धुता भाकरी किंवा तंबाखू तोंडात घालू नये. वरील लक्षणे दिसली तर अंगावरचे कपडे उतरवून साबणाने अंग धुवावे आणि विलंब न करता सरकारी दवाखाना गाठावा. औषधाची बाटली बरोबर न्यावी, म्हणजे डॉक्टरांना नेमका उपाय करता येतो. उतारा टाकण्यात किंवा अंगारा लावण्यात गेलेला अर्धा तास जीव घेऊ शकतो.

धनुर्वाताचेही मूळ येथेच आहे. माती आणि शेणातल्या जंतूंचा शिरकाव जखमेतून होतो. त्यांचे विष चेतातंतूंत जाऊन ‘थांब’ हा निरोप अडवते. मग दातखिळी बसते, मान आखडते, पाठ धनुष्यासारखी वाकते. मागे बाळंतिणी आणि नवजात बाळे याने मोठ्या संख्येने जात. बाळाची नाळ अस्वच्छ विळ्याने किंवा पात्याने कापली जाई, हे त्याचे एक मोठे कारण होते. गरोदर स्त्रीला इंजेक्शन, स्वच्छ बाळंतपण आणि बाळांना लस, एवढ्या तीन गोष्टींनी चित्र पालटले. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे मान्य केले. जंतू मात्र मातीत आहेतच. तेव्हा गंजका खिळा लागला किंवा मोठी जखम झाली तर हळद भरून घरी बसू नका, इंजेक्शन घ्या.

हृदयाचा धडा

विसावा घेणारा माणूस आळशी, असे काही मुकादमांना आणि काही घरांतल्या वडीलधाऱ्यांनाही वाटते. त्यांनी हृदयाकडे पाहावे. हृदय हाही स्नायूच आहे. दिवसाला सुमारे एक लाख ठोके तो देतो आणि जन्मभर रजा घेत नाही. पण एका ठोक्याचा हिशेब मांडून पाहा. मिनिटाला पंचाहत्तर ठोके धरले तर एका ठोक्याला आठ दशांश सेकंद मिळतो. त्यात हृदयाचे मुख्य कप्पे आवळलेले असतात ते सुमारे तीन दशांश सेकंद. उरलेले पाच दशांश सेकंद ते सैल असतात. निम्म्याहून अधिक वेळ विसावा! आणि हृदयाला स्वतःला लागणारे रक्त बव्हंशी या विसाव्यातच त्याच्या पेशींपर्यंत पोहोचते. जन्मभर काम करावयाचे असेल तर मध्ये मध्ये सैल व्हावे लागते, असाच याचा अर्थ. १९४८ च्या कारखाना कायद्यात सलग पाच तासांहून अधिक काम घेऊ नये, मध्ये किमान अर्ध्या तासाची सुटी द्यावी, अशी तरतूद केली गेली, ती उगाच नव्हे.

घरात काय करावे

सवय नसलेले जड काम केले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग ठणकते. पुष्कळांना वाटते की स्नायूत आम्ल साचल्याने हे होते. ते आम्ल काम थांबवल्यावर तासा-दोन तासांत निघून जाते. दुसऱ्या दिवशीचा ठणका हा आतल्या दोऱ्यांना पडलेल्या बारीक चिरांचा असतो. ओझे उचलताना जेवढ्या चिरा पडतात त्याहून अधिक ते हळूहळू खाली उतरवताना किंवा जिना उतरताना पडतात, कारण त्या वेळी स्नायू ओढ धरून असतो आणि तरीही ताणला जात असतो. या चिरा शरीर स्वतः बुजवते आणि पूर्वीपेक्षा बळकट बांधणी करते. त्यासाठी दोनच गोष्टी हव्यात, विसावा आणि प्रथिने. अंग दुखते म्हणून घोटभर घेणारे पुष्कळ आहेत. दारूने दुखणे कळेनासे होते, दुरुस्ती होत नाही. उलट स्नायूतल्या नव्या प्रथिनांची बांधणी दारूने मंदावते.

रात्री पोटरीत गोळा आला तर घाबरू नका. पाय सरळ करून चवडा आपल्याकडे ओढा, हळूहळू ताण द्या, पकड सुटेल. जुलाब-उलट्यांत पेटके येत असतील तर अंगातले पाणी आणि क्षार गेले असे समजून मीठ-साखरेचे पाणी पाजत दवाखाना गाठा.

आता ताटाकडे वळू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दिलेल्या प्रमाणानुसार वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिन हवे. पंचावन्न किलोच्या बाईला सुमारे ४६ ग्रॅम. दोनशे ग्रॅम ज्वारीच्या पिठातून २० ग्रॅम मिळते, पाऊण वाटी कोरड्या डाळीतून, म्हणजे पाऊणशे ग्रॅममधून, सुमारे १७, मूठभर शेंगदाण्यांतून ६ आणि एका अंड्यातून ६. बेरीज ४९ होते. सुके बोंबील, जवळा, मटकी, हरभरा हेही चांगलेच. महागडी पावडर लागत नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला मात्र याहून अधिक हवे.

परंतु आपल्या घरांत ही बेरीज बाईच्या ताटात होते काय? ती सर्वांत शेवटी जेवते. डाळीचे वरचे पाणी आणि मटणाचा रस्सा तिच्या वाट्याला येतो. त्यात रक्त कमी. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. रक्त कमी म्हणजे स्नायूला प्राणवायू कमी, प्राणवायू कमी म्हणजे एटीपीचे नाणे पाडायला अडचण. मग दोन जिने चढून तिला धाप लागते, पाय ओढत नाहीत आणि सासू म्हणते, हिला कामाचा कंटाळा. कंटाळा नव्हे, ही पेशीतली उपासमार आहे. तिची रक्ततपासणी करून घ्या, लोहाच्या गोळ्या द्या आणि तिचे ताट सर्वांबरोबर वाढा.

दिवसभर दुसऱ्यांचे ओझे उचलणारे हे हात आपलेच आहेत. त्यांना धरण्याइतकेच सोडण्याचेही बळ लागते, आणि ते बळ पोटातल्या घासातून आणि हक्काच्या विसाव्यातून येते. मुलांना आज संध्याकाळी काडेपेटी घेऊन हा धडा समजावून सांगा. पुढील लेखात आपण रक्ताविषयी बोलू.